संदेशात इंद्रायणीचेही नाव हवे

नाताळ आला की बिशपांचे शांतिसंदेश वर्तमानपत्रांत छापून येतात आणि दुसऱ्या दिवशी विसरले जातात. पोप फ्रान्सिस यांचा अखेरचा संदेश मात्र विसरता येणार नाही. २० एप्रिल २०२५ च्या ईस्टरला तो स्वतः वाचण्याचे त्राण त्यांच्यात नव्हते. सहकाऱ्याने वाचून दाखवलेल्या त्या मजकुरात गाझात युद्धबंदी करा, ओलिसांना सोडा, उपाशी जनतेच्या मदतीला जा, अशी थेट मागणी होती. दुसऱ्याच दिवशी ते गेले. कुणी काय करायचे हे असे नेमके सांगितले, तरच शांतीच्या आवाहनाला वजन येते.

महाराष्ट्राने हे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंमध्ये पाहिले. वसईची हिरवाई बिल्डरांच्या घशात जाऊ लागली, तेव्हा चर्चमध्ये प्रवचन देऊन ते थांबले नाहीत. लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा धर्मावरून झालेला विरोधही त्यांनी शांतपणे सोसला.

आता लोणावळ्याकडे पाहू. जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी इथल्या साधना संस्थेत माणसांना मौनात बसायला शिकवले. त्याच गावात नाताळ ते ३१ डिसेंबर बंगल्यांमध्ये रात्री दहानंतरही डीजे धडधडतो आणि बोरघाटात गाड्यांच्या रांगा लागतात. सकाळी टायगर पॉइंटवर बाटल्या, कणसांची बुरकुंडे, चिक्कीची वेष्टने पडलेली असतात. ती उचलणाऱ्या सफाई कामगाराला त्या आठवड्यात रजा मिळणे कठीण. जवळच्या कुरवंड्यात उगम पावलेली इंद्रायणी वाटेतल्या गावांची घाण पोटात घेत देहू-आळंदीला पोहोचते. तिथे वारकरी त्याच पाण्याची ओंजळ भरतो. येशूच्या जन्माच्या सुट्टीतली बेपर्वाई तुकोबांच्या गावापर्यंत जाते, हे आम्हाला फार लागते.

पृथ्वी हे सर्वांचे घर आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले होते. त्याला धरून पुणे धर्मप्रांताच्या नाताळ संदेशात यंदा इंद्रायणीचे, डीजेचे आणि सफाई कामगाराचे नाव घेऊन दोन वाक्ये असावीत, अशी आमची विनंती आहे. नगरपरिषदेने आणि पोलिसांनी रात्री दहानंतर डीजे बंद ठेवण्याचा नियम बंगलेमालकांना दंड करून पाळायला लावावा. आणि घाट चढून येणाऱ्या वाचकांनो, आपला कचरा आपल्याच गाडीतून परत न्या.