जयंती : नदी की नाला?

कोल्हापूरची जयंती मुळात नदी. आज सारेजण तिला ‘जयंती नाला’ म्हणतात. नाला म्हटले की मैला सोडायला मन कचरत नाही! हे पाणी अडवून, पंपाने उपसून कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे नेतात. पंप बंद पडला वा मोठा पाऊस झाला, की तेच थेट पंचगंगेत. पुढे काठावर इचलकरंजी. २०१२ साली तेथे काविळीने माणसे दगावली तेव्हा आपण हळहळलो; आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते, हे मात्र कोणी विचारले नाही. २०१९ मध्ये स्वयंसेवकांनी रविवारची सुट्टी मोडून जयंतीतला कचरा उपसला. त्यांचे कौतुकच, पण खोऱ्याने प्लास्टिक निघते, मैला नव्हे. मित्रहो, आपल्या गल्लीचे सांडपाणी शुद्धीकरणाला जाते की नदीला, हे महापालिकेत जाऊन विचारायला आपल्यापैकी कितीजण येतील?