माशी मारावी कोठे?

२०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडल्या होत्या. आष्टी तालुक्यातील एका छावणीत दावणीला बांधलेली जनावरे सारखी पाय आपटताना मी पाहिली. त्यांच्या पायांना डसत होती स्टोमॉक्सिस ही माशी. दिसायला ती घरमाशीसारखीच, पण तिची टोकदार सोंड पुढे आलेली असते. नर आणि मादी दोघेही रक्त पितात. पोट भरले की माशी उडून भिंतीवर जाऊन बसते. म्हणजे दिवसातून काही मिनिटेच ती जनावराच्या अंगावर असते, आणि आपण फवारा मारतो तो नेमका अंगावर!

हे मला उलटे वाटते. मादी अंडी घालते ती शेण-मूत मुरलेल्या कुजक्या कडब्यात. अंडे, अळी, कोष आणि मग माशी हा प्रवास उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत उरकतो. या काळात तिला उडून पळता येत नाही. तिचे शत्रूही तेथेच राहतात. काही भुंगेरे अंडी व अळ्या फस्त करतात. स्पॅलँजिया हा दोन-तीन मिलिमीटरचा कीटक, गांधीलमाशीचा दूरचा नातलग, कोषाला भोक पाडून आत अंडे घालतो आणि त्याची अळी आतली माशी खाऊन टाकते. उकिरड्यावर विषारी औषध फवारले की हे पहारेकरीही मरतात. स्पॅलँजियाची वाढ माशीपेक्षा सावकाश होते, अंडीही कमी. म्हणून फवाऱ्यानंतर आधी सावरते ती माशीच.

२०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा गोठे फवारावे लागले, त्याला माझा विरोध नाही. चावऱ्या माश्या तो रोग पसरवतात आणि साथीत थांबायला वेळ नसतो. पण एरवी?

मी भौतिकशास्त्राचा माणूस, म्हणून मला बाष्पीभवन सुचते. ढीग आतून ओला राहतो. तोच कडबा उन्हात पातळ पसरला तर पृष्ठभाग वाढून लवकर सुकतो, आणि ओल गेली की अळी जगत नाही. गवऱ्या थापणाऱ्या आजीला हे कुणी शिकवावे लागले नाही.

गोठ्याच्या कडेला ओल्या कडब्यात गव्हाच्या दाण्याहून किंचित लहान, तांबूस कोष सापडतील. वीसेक कोष बरणीत ठेवून तोंडाला तलम फडके बांधा आणि हात साबणाने धुवा. आधी माश्या बाहेर पडतील. बरणी तेव्हाच फेकू नका. स्पॅलँजिया असलाच तर तो आणखी काही दिवसांनी दिसेल.