कादंबरीतली जिन आणि आपल्या टाळ्या

मंडळी, अमेरिकन लेखिका जेनिफर एस्टेपची ‘स्पायडर्स बाइट’ (२०१०) वाचली. नायिका जिन ब्लँको. एकीकडे बार्बेक्यूच्या हॉटेलात काम, दुसरीकडे सुपारी घेऊन खून. वर दगड आणि बर्फाची जादू हातात! तिला आसरा देणाऱ्या फ्लेचरचा खून होतो, त्याचा मुलगा फिनही संकटात सापडतो. पोलीस खातं पोखरलेलं, दाद मागायची कुणाकडे? मग जिन सुरी काढते आणि वाचणारे आपण तिच्याच बाजूचे.

पण मेख इथेच आहे. गोष्ट जिन स्वतः सांगते, त्यामुळे मरणारा गुन्हेगारच, असं आपण धरून चालतो. खऱ्या आयुष्यात ही खात्री कोण देणार?

डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी चकमकीत मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये ती चकमक खोटी ठरवली, १० पोलिसांवर खुनाचा खटला चालवा असं सांगितलं. चौघांचा गुन्हा मात्र कोर्टात कधी सिद्धच झाला नाही. आणि तेच दोषी नसतील, तर खरा मोकळाच ना?

जिन जरूर वाचा. तक्रारीसाठी खेटे घालून, तारखांना कंटाळून लोक सुरीवाल्याला देव मानतात, हे पुढाऱ्यांनीही वाचावं. आपण मात्र ‘ठोका’ म्हणण्याऐवजी ‘तपास नीट करा, निकाल वेळेत लावा’ म्हणूया. पटतंय का?