मोरगाव नेमके कोठे आहे?

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही कादंबरी २०१० साली प्रसिद्ध झाली आणि शीर्षकातील ‘अडगळ’ या शब्दाने अनेकांच्या कपाळावर आठी उमटली. ज्यांनी पुस्तक उघडले, त्यांची अडचण मात्र वेगळीच होती. पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदडोहून वडिलांच्या आजारपणामुळे मोरगावकडे निघतो. त्या एका प्रवासात काळ मागेपुढे होतो, पूर्वज बोलू लागतात, शेत, जात, देव, भाऊबंदकी सारे एकमेकांत मिसळते. सरळ कथानकाची सवय असलेला वाचक येथे चाचपडतो आणि खऱ्या जगातील खुणा शोधू लागतो.

पुणे जिल्ह्यातील वाचकाला मोरगाव म्हणताच मयूरेश्वर आठवतो. कादंबरीतील मोरगाव मात्र खानदेशातील आहे. पुरातत्त्व म्हटले की डेक्कन कॉलेज आणि डॉ. ह. धी. सांकलिया डोळ्यांपुढे येतात. ‘कोसला’च्या वेळीही (१९६३) हेच घडले. पांडुरंग सांगवीकराच्या आडनावात लेखकाचे सांगवी गाव सापडले आणि त्याच्या पुण्यातील दिवसांत फर्ग्युसन महाविद्यालय. ही उत्सुकता हिणवण्याजोगी नाही. ओळखीची खूण सापडली की वाचकाला धीर येतो. परंतु ‘हा म्हणजे अमुकच’ एवढ्यावर वाचन थांबले, तर कादंबरीची चहाडी होते आणि तिने उभा केलेला प्रश्न तसाच राहतो.

तो प्रश्न मुळशीच्या खोऱ्यात उभे राहिले की अधिक स्पष्ट दिसतो. १९२१ साली रामनवमीच्या मुहूर्तावर येथील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास पत्करला. १९२४ पर्यंत लढा विझला, धरण झाले, मुंबईला वीज मिळाली आणि खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. योगायोग असा की, याच काळात, १९२२ साली, राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडोचे उत्खनन हाती घेतले. सिंधूकाठी हजारो वर्षे गाडलेले नगर उजेडात येत होते, तेव्हा सह्याद्रीच्या कुशीत नांदती गावे बुडवली जात होती. एका ठिकाणच्या खापराच्या तुकड्यालाही संग्रहालयात जागा मिळाली; दुसऱ्या ठिकाणची जाती, उंबरे आणि ग्रामदैवतांच्या आठवणी कोणी जपायच्या?

जे उपयोगाचे नाही पण टाकवतही नाही, त्याला मराठी घरात अडगळ म्हणतात. माळ्यावरचे पितळी भांडे, आजीची जपमाळ, फाटकी पोथी यांना कोणी कचरा म्हणत नाही. म्हणूनच शीर्षकातील ‘अडगळ’पाशी अडखळणाऱ्याने तिच्या आधीचा ‘समृद्ध’ हा शब्दही वाचावयास हवा. हिंदू समाजाचे नेमाड्यांनी केलेले आकलन अनेकांना मान्य होणार नाही. त्यांच्या देशीवादावरही आक्षेप घेता येतील. मात्र तो आक्षेप पुस्तक वाचून घेतलेला असावा. मुखपृष्ठ पाहून झालेला संताप चार दिवसांत ओसरतो. पूर्ण वाचून केलेला प्रतिवाद टिकतो. ज्या परंपरेत आधी पूर्वपक्ष नीट मांडून मगच खंडन करण्याची शिस्त आहे, तिच्या अभिमान्यांनी ही शिस्त मोडणे शोभणारे नाही.

कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात आणि घरच्या बैठकीत अशा कादंबऱ्या वाचल्या जाव्यात. पात्रे ओळखण्याचा खेळ पहिल्या दिवशी खेळून घ्यावा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे : आपले मूळ गाव कोणते, ते का सुटले, येताना काय आणले आणि काय मागे राहिले? मुळशीच्या कित्येक कुटुंबांत या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी पिढी आता उरलेली नाही. इतर घरांत ती आहे, तोवर विचारलेले बरे. खानदेशातील मोरगाव प्रत्येकाला नकाशावर सापडेलच असे नाही. स्वतःचे मोरगाव मात्र हरवू देऊ नये.