मुलांचा बँड आणि आईवडिलांचे तिकीट

"बाबा, शनिवारी आमच्या बँडचा कार्यक्रम आहे. याल ना?" रायपूरच्या चौबे कॉलनीतील एखाद्या मराठी घरात हा प्रश्न आला की वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणतात, "आधी परीक्षा संपू दे." मुलगा गिटार घेऊन गच्चीवर जातो आणि घरात अबोला सुरू होतो.

महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात हाच मुलगा गायला, तेव्हा टाळ्या वाजवणारे हेच वडील असतात. मग आता अडते कुठे? मंडळातले श्रोते काका-मावशीच असतात. दोन-तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात तिकीट काढून आलेला माणूस परका असतो. त्याला आवडले नाही तर तो उठून जातो. ही भीती मुलालाही असते. फक्त तो बोलून दाखवत नाही.

शिवाय परीक्षा नुसत्या सुरांची नसते. साउंड चेकला वेळेवर पोहोचावे. अर्धा तास मिळाला असेल तर अर्ध्या तासात आवरते घ्यावे, कारण पुढचा बँड खोळंबलेला असतो. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याशी गोडीने बोलावे. ठरावीक मानधन मिळणार की तिकीटविक्रीतला वाटा, हे आधीच लिहून घ्यावे. कार्यक्रम उघड्यावर असेल तर घड्याळ पाहावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, खास सवलतीचे मोजके दिवस सोडले तर, रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही.

अशी जागा चालवणेही सोपे नसते. मुंबईत लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ साली सुरू झालेल्या 'ब्लू फ्रॉग'ने कितीतरी बँडना व्यासपीठ दिले, पण २०१६ मध्ये ते बंद झाले. म्हणून "गर्दी जमवणे मालकाचे काम" असे म्हणून बँडला हात झटकता येत नाहीत. मित्र, शेजारी, कॉलेजातली मुले, सगळ्यांना स्वतः जाऊन सांगावे लागते.

आणि वाजवायचे काय? रायपूरच्या हबीब तनवीर यांनी छत्तीसगडी लोककलावंतांना त्यांच्याच बोलीत रंगमंचावर आणले. त्यांच्या 'चरणदास चोर'ने १९८२ साली एडिंबरोला पुरस्कार मिळवला. दुसऱ्यांच्या लोकप्रिय गाण्यांना टाळ्या मिळतात, पण लक्षात राहते ते बँडचे स्वतःचे गाणे. त्यातली दोन तरी तयार हवीत.

आईवडिलांनी काय करावे? परीक्षेच्या तारखा आणि कार्यक्रमाच्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहाव्यात. फुकट पास न मागता तिकीट काढून मागच्या रांगेत बसावे. समोर तीसच माणसे असली, तरी त्या तिसांत आपण आहोत हे मुलाला दिसते. घरी आल्यावर चुका लगेच मोजू नयेत. आधी विचारावे, "जेवलास का?" अबोला तिथेच सुटतो.