स्वयंपाकाचा गॅस आणि होर्मुझची चिंचोळी वाट

ऊर्जा स्वावलंबनाची चर्चा बहुधा पेट्रोल-डिझेलपाशीच थांबते. पण आयातीवरचे अवलंबित्व स्वयंपाकघरातही आहे. भारताला वर्षाला सुमारे ३.१ कोटी टन एलपीजी लागतो आणि त्यातला जवळपास ६० टक्के बाहेरून येतो. ही आयात आजवर प्रामुख्याने आखाती देशांतून, होर्मुझच्या सामुद्रधुनीमार्गे होत आली आहे. ही सामुद्रधुनी सर्वांत चिंचोळ्या ठिकाणी ४० किलोमीटरही रुंद नाही.

ती वाट अडली तर साठा किती? मंगळुरू आणि विशाखापट्टणम येथील भूमिगत गुहांत मिळून सुमारे १.४ लाख टन एलपीजी मावतो. देशाची रोजची गरज ८५ हजार टनांच्या घरात आहे. म्हणजे या गुहांतला साठा दोन दिवसही पुरणार नाही. तेलशुद्धीकरण कारखाने आणि बॉटलिंग प्रकल्पांतल्या टाक्या जमेस धरल्या, तरी लांबलेल्या संकटात ही बेगमी तोकडी पडेल.

प्रश्न पैशाचाही आहे. घरगुती गॅस कमी दरात विकल्याने झालेला तोटा भरून देण्यासाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये तेल कंपन्यांना ३०,००० कोटी रुपये मंजूर केले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये अमेरिकेकडून २०२६ साठी सुमारे २२ लाख टन एलपीजी घेण्याचा करार झाला. आयातीचा साधारण दहावा हिस्सा त्यामुळे दुसऱ्या वाटेने येईल. पुरवठादार बदलला, तरी आयात मात्र कायम राहते.

या परावलंबनाची सर्वांत मोठी किंमत आरोग्य मोजते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने दहा कोटींहून अधिक घरांत गॅस पोहोचवला. तरी या घरांत वर्षाला सरासरी साडेचारच्या आसपासच सिलिंडर भरून घेतले जातात. सिलिंडर महागला की पुन्हा सरपण पेटते. चुलीच्या धुरातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. मुलांतला न्यूमोनिया, बायकांना जडणारा दीर्घकालीन श्वसनविकार, हृदयविकार यांच्याशी त्यांचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या वायुप्रदूषणाने जगभरात ३२ लाख मृत्यू झाले.

पर्याय आहे तो विजेवरच्या स्वयंपाकाचा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. पण शेगडीवर त्यातली बरीच भांड्याच्या कडेने निसटते. इंडक्शनमध्ये थेट भांडेच तापते, त्यामुळे तेवढ्याच स्वयंपाकाला कमी ऊर्जा पुरते. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइडही टळतो.

अडचणीही खऱ्या आहेत. भाकरी फुगायला आच लागते. रात्रीचा स्वयंपाक सूर्य मावळल्यावर होतो, म्हणजे सौर वीज साठवावी लागते. आजची बरीचशी वीज कोळशाची. तो बहुतांश देशी असला, तरी प्रदूषण स्वयंपाकघरातून वीज केंद्राच्या परिसरात सरकते. सौर सेल आणि बॅटऱ्यांसाठी चीनवरची भिस्त हे तर नवेच परावलंबन.

म्हणून एकाच इंधनावर सगळा भार टाकण्याऐवजी डाळ-भात विजेवर, भाकरी गॅसवर आणि गावात जिथे गुरे आहेत तिथे गोबरगॅस अशी विभागणी शहाणपणाची. त्यासाठी गावांत संध्याकाळी योग्य दाबाची, अखंड वीज हवी आणि इंडक्शनची शेगडी गरिबाला परवडायला हवी. घरटी वर्षाला दोन सिलिंडर वाचले, तरी आयात घटेल आणि उरलेला गॅस जपून वापरणाऱ्या घरातली चूल पुन्हा पेटणार नाही.