पांढऱ्या डोळ्याचें वटवाघूळ

गेल्या भाद्रपदांत आम्ही चिंचवड येथें एका स्नेह्यांच्या घरीं गेलों असतां, परसांतील वडाखालीं मोठें वटवाघूळ पडलेलें दिसलें. त्याचा एक डोळा दुधासारखा पांढरा होता. "तें जात्याच आंधळें आणि अपशकुनी, काठीनें लोटून द्या," असें घरांतील वडील माणसें म्हणूं लागलीं. मुलांनीं मात्र आमच्याकडे पाहिलें.

आम्हांस लाज वाटली. कारण वटवाघूळ दिवसा आंधळें असतें, असें आम्हींच वर्षानुवर्षें वर्गांत सांगितलें होतें. अमरकोशांत त्यास 'अजिनपत्रा', म्हणजे कातड्याच्या पंखांची, म्हटलें आहे, आंधळी नव्हे.

किडे खाणाऱ्या लहान पाकोळ्या स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मार्ग काढतात. डोळे गेलेली पाकोळीही सुखरूप उडते, हें इटलींतील स्पालांझानी यानें १७९३ च्या सुमारास दाखविलें. त्याचें कारण १९३८ सालीं अमेरिकेंत ग्रिफिन व पिअर्स यांनीं उलगडलें. फळें खाणाऱ्या मोठ्या वटवाघुळांस ही सोय नाहीं. त्यांची सारी भिस्त डोळ्यांवर व नाकावर. म्हणून पाकोळीचा डोळा गेला तरी तिचें पोट भरतें. वटवाघुळाचे डोळे गेले तर जिवावर बेततें.

डोळा पांढरा दिसण्याचीं कारणें माणसांतलींच: मोतीबिंदु, किंवा तारेच्या वा कांट्याच्या जखमेनंतर पडलेलें फूल. जन्मतः रंगद्रव्य नसल्यास डोळे लालसर दिसतात. यांत अपशकुन कोठें आला?

मात्र दया करतांना सावधगिरी हवी. २०२० सालीं महाबळेश्वरच्या गुहेंत पकडलेल्या वटवाघुळांत निपाह विषाणूच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेस आढळल्या. तेव्हां उघड्या हातानें स्पर्श करूं नये. चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें फळें खाणारीं वटवाघुळें उंदीर-कावळ्यांच्या पंक्तीस उपद्रवी ठरविलीं होतीं. २०२२ च्या दुरुस्तीनें ती यादीच रद्द झाली.

आम्हीं त्या जीवावर टोपली झांकविली व वनखात्यास निरोप धाडविला. चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखाने वाढले, जुने वड विरळ झाले. त्या वडांचें बीं दूरवर पसरविणारा हा प्राणी आपल्या अंगणांत तरी मारला जाऊं नये. मुलांस आम्हीं सांगितलें, "बाळांनो, आम्ही चुकीचें शिकवीत होतों." तें सांगावयास या वयांत संकोच वाटला, पण न सांगणें अधिक वाईट झालें असतें.